फौजदाराच्या पायांचे माप

दि. ४ मे

चि. ठकीस आजोबांचे आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला याची माफी असावी, पण निम्मी चूक तुझी. आठ दिवस रागाने हाताला काम सुचत नव्हते. अशा हाताने ना बूट शिवता येतो, ना अक्षर काढता येते.

फौजदाराला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणते म्हणालीस आणि टेबलावर चिठ्ठी ठेवून चारशे किलोमीटरच्या डोंगरवाटेवर घेऊन गेलीस. कोणाला विचारलेस? कुत्रा माझा. नऊ वर्षांचा, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा. तुझा बाप म्हणतो, कुत्र्याला चालायला आवडते. त्याला आवडते म्हणून त्याचे पाय झिजवायचे का?

स्वतःसाठी दोन जोड बूट नेलेस आणि तो मुका जीव अनवाणी. पन्नास वर्षे लोकांचे पाय हातात घेतलेत, खडी काय करते ते मला सांगू नकोस. आता एक कर. त्याचे चारही पंजे कागदावर टेकवून पेन्सिलीने कड काढ आणि पाठव. मऊ चामड्याचे बूट शिवतो. उचललेल्या पायाचे माप चालत नाही, भार दिलेल्याच पायाचे लागते.

लोभ आहेच, सध्या रागाखाली दबला आहे.

तुझा आजोबा

दि. ११ मे

ती. आजोबांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

चिठ्ठीत पत्ता दिला होता त्या विश्रामगृहात तुमचे पत्र माझ्याआधी पोहोचले. तुमचा राग माझ्यापेक्षा भरभर चालतो. न विचारता नेले हे चुकलेच. विचारले असते तर नाही म्हणाला असतात.

फौजदार मजेत आहे. रोज पंधरा किलोमीटर आणि दुपारी झाडाखाली दोन तास घोरणे. मापे सोबत आहेत. इथल्या स्वयंपाकीणबाईंनी पंजा धरला, मी कड काढली. तेवढ्यात त्यांचे तोंड दोनदा चाटून झाले.

माझे पाय कसे आहेत हे तुमच्या पत्रात शोधले, सापडले नाही. म्हणून कागदाच्या मागे माझेही काढले आहेत. नातीलाही एखादा जोड शिवावा. पुढे सात दिवस वस्ती नाही, तेव्हा बूट येईपर्यंत इथेच थांबते.

राग ओसरला की माया करावी.

तुमची ठकी

दि. १६ मे

चि. ठकीस आशीर्वाद.

मापे मिळाली. फौजदाराचे पंजे चांगले पसरलेले, सपाट. पाय दुखणारा कुत्रा असा उभा राहत नाही. मग कागद उलटला.

तुझे मागच्या वर्षीचे माप दुकानात खिळ्याला अडकवलेले आहे. दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. डावा पाय तोच. उजवा सुजून बोटभर जास्त रुंद, आणि टाचेची कड आत ओढलेली. म्हणजे तुला टाच टेकताच येत नाही. पत्रात याचा एक शब्द नाही. दुपारचे दोन तास फौजदार घोरत होता, की तू पाय धरून बसली होतीस?

कुत्र्यासाठी तुझ्याशी भांडलो याची लाज वाटते. म्हणून राग कमी झाला असे समजू नकोस, दुप्पट झाला आहे.

फौजदाराचे चारही बूट शिवून तयार आहेत. पाठवणार नाही. बूट येईपर्यंत थांबते म्हणालीस ना, मग थांब. तुझा बाप हे पत्र घेऊन उद्याच्या गाडीने तुझ्याकडे निघतो आहे.

त्याला घेऊन डॉक्टरला पाय दाखव आणि डॉक्टर काय म्हणतो ते त्याच्याच अक्षरात पाठव, तुझ्या अक्षरावर माझा भरवसा उरलेला नाही. पण पत्र पाठव. उद्याच पाठव.

तुझा आजोबा