तळ्याकाठचं गवत

पालमपूर

आये, तुझ्या प्राचीचा इतक्या लांबून नमस्कार.

मी बरी हाय. जेवण वेळेवर मिळतं.

काल मात्र माझ्या हातून घोळ झाला. मी काम करते त्या रोपांच्या नर्सरीच्या बाईंनी तळ्याकाठच्या चिखलात लावायला आयरिसची फुलझाडं निवडायला सांगितली. मी हळदीसारख्या जाड गड्ड्यांची निवडली. लावण्याआधी तिथलं गवत, तू भातात शिकवलंस तसं, मुळासकट बेणून टाकलं.

बाई आल्या नि उपटलेल्या ढिगापाशी वाकल्या. म्हणाल्या, जाड गड्डे ओलीत कुजतात. पाण्यात जगणारी आयरिस तू गवत म्हणून उपटलीस तीच.

लगेच लावणीसारखी एकेक परत खोचली. जगतील का, माहीत नाय.

तुझा गुडघा कसा हाय? बेणायला एकटी उतरू नको.

आये, दहिवलीच्या ओढ्याकाठी आपण दरसाल काय काय उपटून टाकलं असेल गं?

तुझी,
प्राची