फळ्यावरचे नऊ प्राणी

बहरीन, शनि. २ मार्च ’९६
ह्यांच्या हिद्दच्या वर्कशॉपात नवं खूळ. अमेरिकन साहेबाने चहाच्या खोलीतल्या फळ्यावर कार्टूनमधल्या नऊ प्राण्यांची बेसबॉल टीम लिहिलीय. थोर खेळाडू कोण, ससा की कांगारू, यावर रोज भांडण. कांगारू बॉल पिशवीत लपवतो म्हणून बाद करा, वगैरे. साहेबाने प्रत्येकाला एकेक प्राणी लावलाय. आमच्या खालच्या मजल्यावरचे मुकादमभाई हत्ती.
“आणि तुम्ही?” मी ह्यांना विचारलं.
“कासव. पण फळ्यावर नाही. नऊच खेळतात गं.”
सेक्शनात माणसं बारा.

रवि. ३
जिन्यात मुकादमभाईंची शमीमभाभी भेटली. “वहिनी, आमचा हत्ती म्हणे सोंडेत बॅट धरणार! घरात पाण्याचा ग्लास धरवत नाही त्याला.” दोघी हसलो. मग हळूच म्हणाली, “काँट्रॅक्ट नऊच जणांचं वाढणार असं ऐकलं. खरं का?”
ह्यांचा व्हिसा ३१ ला संपतो.

सोम. ४
ह्यांना विचारलं. “थट्टा आहे ती. तू पण ना!” पण भाकरी अर्धी टाकली. साहेबाला सरळ विचारायची एकाचीही छाती नाही. तांदळाची मोठी गोणी आणू नका म्हटलं, पाच किलो बास. का, ते त्यांनी विचारलं नाही. आमची सुजाता पाचवीत, इथल्या इंग्रजी शाळेत. गावी मराठी शाळेत बसवली तर तिला धड वाचता तरी…

मंगळ. ५, पौर्णिमा
बुद्धवंदना केली. मेणबत्तीपुढे फक्त आमच्या घराचं मागितलं.
जेवताना बापलेकीत तोच वाद. हे म्हणाले, ऑक्टोपसला आठ हात, तोच थोर. मी म्हटलं, आठ हातमोजे कोण घेऊन देणार? सुजाता म्हणाली, “पप्पा, टर्टल इज द बेस्ट! बॉल अंगाला लागला की न पळता फ्री बेस मिळतो. त्याला शेल आहे, लागलं तरी दुखणार नाही!”
हे घास घेता घेता थांबले. “परत सांग.” उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हाताने पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.
थट्टा असती तर लिहून कशाला घेतलं असतं?

बुध. ६
दाढी करताना आरशापुढे तेच इंग्रजी वाक्य. तीनदा. मी ओट्याशी उभी राहून ऐकलं.

गुरु. ७
जिन्यातूनच हाक. “अगं, कासव आत! साहेब टेबल बडवून हसला.” लगेच शिरा करायला घेतला, तूप सढळ हाताने. रवा भाजता भाजता मनात आलं ते विचारलं.
“मग बाहेर कोण?”
हे मोजे काढत होते. “हत्ती. पळता येत नाही म्हणाला साहेब.”
“मुकादमभाई काय म्हणाले?”
“सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.”
रवा खाली लागला.

शुक्र. ८
सकाळी मैत्रीभावना म्हणताना सगळ्यांचं भलं होवो इथे अडले. पुढे म्हणवेना.
भाभीची ईदची वाटी अजून माझ्याकडेच आहे. रिकामी वाटी आम्ही दोघी कधीच परत करत नाही. काल तुपाचा वास खाली गेलाच असणार. वाटीत शिरा भरला, वर झाकण ठेवलं. दोनदा जिन्यापर्यंत गेले. शिरा कशाबद्दल म्हणून विचारलं तर? खालून मुकादमभाईंचं हसू ऐकू येत होतं, नेहमीपेक्षा जास्तच. परत फिरले.
सुजाताला विचारलं, “हत्तीला आत घ्यायला एखादं कारण सापडतंय का बघ ना.”
ती म्हणाली, “सापडेल. बट मम्मी, देन हू गोज आऊट?”
वाटी ओट्यावरच आहे.