रविवारी गाडी बघायला येतील तेव्हा

प्रिय चेतू,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरी सगळे बरे आहेत, कुणी आजारी नाही. आधी एवढं वाच, मग चहा ठेव आणि बस. कागदावर एकमेकींना लिहून किती वर्षं झाली असतील गं? फोन का नाही केला ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं न वाचता फोन लावशील, आणि नेमकं तेच नकोय. रविवारपर्यंत फोन करायचाच झाला तर कर, पण गाडीचा विषय काढू नकोस.

रामनाथ वेसाव्याला बंदरावर गेलाय, थोरल्या दिरांकडे, शिवदासभावोजींकडे. जेवूनच येईल. म्हणून लिहायला बसले, पण बसवत नाही. एक ओळ लिहिली की उठते. मघाशी कुकर लावला, मग आठवलं की सकाळीच भात केलाय. शाळेत सिस्टर मला बाकावर उभं करायच्या ते आठवतं? मी पाय हलवते म्हणून. तू शेजारी बसून तोंडात रुमाल धरून हसायचीस. ते पाय मधली चाळीस वर्षं कुठे गेले होते देव जाणे, आता परत आलेत. बाजारात जाते नि मासे न घेता परत येते. लिफ्टने खाली उतरते, पार्किंगमध्ये गाडीपाशी उभी राहते, वॉचमन सलाम करतो, मी उगाच लेटरबॉक्स उघडून बघते आणि वर येते.

गाडी म्हणजे ती मोठी मोटरसायकल, तुला माहीतच आहे. रामनाथ रिटायर झाला त्या महिन्यात त्याने ती आणली, तेव्हा मी तुला फोन करून रडले होते. सगळ्यांचे नवरे रिटायर झाल्यावर बागेत चालायला जातात, नातवंडांना शाळेत सोडतात, आणि आमचा हजार सीसीची जपानी मोटरसायकल घेऊन दारात उभा. तू म्हणालीस, "बरं झालं, दुसरी बायको तर नाही ना आणली!" मला तेव्हा हसू आलं नव्हतं. मला वाटलं होतं, ही रेसची गाडी, हा हिच्यावर मरणार. मग त्याने मला खाली बसवून समजावलं, शाळेतल्या पोरीला समजावतात तसं. ही रेसची नाही, आणि ती आरामखुर्चीसारखी ऐसपैस पण नाही. या दोन्हींच्या मधली. जोर आहे, पण दिवसभर बसलं तरी पाठ मोडत नाही, मागे बसणाऱ्या माणसासाठी नीट सीट आहे, दोन्ही बाजूंना कपड्यांच्या पेट्या लागतात. मागे बसणारं माणूस कोण, ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तो कशी ठेवायचा ती गाडी! सांताक्रूझच्या हँगरमध्ये विमानांची इंजिनं उघडण्यात आयुष्य गेलं त्याचं, सवय कुठे जाते? समुद्र जवळ, खाऱ्या हवेने आमच्या बाल्कनीच्या गजांचीही साल निघते, पण त्या गाडीच्या एका स्क्रूवर गंज दिसला नाही कधी. चेन रॉकेलने धुवायची, पुसायची, मग तेल. प्रत्येक बोल्ट किती घट्ट हवा ते मोजणारा पाना वेगळा. टायरवर छापलेली तारीख भिंग लावून वाचायचा, म्हणायचा, टायर झिजला नाही तरी म्हातारा होतो. मी म्हणायचे, माझ्या गुडघ्यांची एवढी चौकशी कधी केली होतीस का?

आणि माझं ते तेलाचं प्रकरण. तुला अर्धंच सांगितलं होतं. पहिल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तो दोन दिवस पुण्याला लेकीकडे गेला होता, प्रियंकाकडे. मला वाटलं, आपणही त्याच्या गाडीचं काहीतरी करावं. लहानपणापासून बघितलंय, खाऱ्या पाण्याने लाकूड खाऊ नये म्हणून होडीला माशाचं तेल लावतात. भावोजींकडून डबा आणला आणि चोळलं की गं सगळ्या गाडीला! मनापासून, कानाकोपऱ्यात, चाकाच्या त्या चकचकीत तबकडीलासुद्धा. ती ब्रेकची तबकडी असते हे मला काय माहीत! दुसऱ्या दिवशी सकाळी आख्ख्या सोसायटीतली मांजरं गाडीभोवती. एक सीटवर, एक टाकीवर, एक पुढचं चाक चाटतंय. सेक्रेटरीने नोटीस लावली. रामनाथ आला, वास घेतला, आणि मला वाटलं आता हा ओरडणार. तो पार्किंगच्या पायरीवर बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "काय केलंस कमळे, गाडीची होडी केलीस!" ब्रेकचे पॅड बदलावे लागले, दोन दिवस तो साबणाने गाडी धूत होता. धुऊन झाल्यावर म्हणाला, चल, ब्रेक लागतो का बघू. तेव्हा मी पहिल्यांदा मागे बसले. गोराईपर्यंत गेलो, मी डोळे उघडलेच नाहीत.

पुढचं तुला फोटोंतून माहीत आहे. आंबोली, गुहागर, एकदा थेट गोकर्ण. पण एक गोष्ट फोटोत येत नाही. हेल्मेटमध्ये छोटे स्पीकर असतात, मागचा पुढच्याशी बोलू शकतो. गाडी चालली की तुझ्या कानात दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो, इतका जवळ. आमचं लग्न वेसाव्यातल्या एकाच गल्लीतलं, लहानपणापासून ओळख, आणि तरी घरात आम्ही काय बोलायचो? दूध आलं का, लाईटबिल भरलं का, प्रियंकाचा फोन आला का. रामनाथ कमी बोलतो असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. चेतू, तो बोलतो गं. त्याला समोर तोंड नको असतं. रस्ता समोर हवा आणि मी मागे.

आंबोलीच्या घाटात, एका वळणावर, गाडी हळू करून तो म्हणाला की लहानपणी त्याला समुद्राची भीती वाटायची. कोळ्याच्या पोराला! होडी बंदराबाहेर गेली की तो तळाशी दोरखंडाच्या वेटोळ्यात तोंड खुपसून पडायचा. म्हणून विमानाची नोकरी धरली. गल्लीत सगळे म्हणायचे, रामनाथ हुशार, साहेब झाला. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाड जॅकेट, त्याला कळलं की नाही माहीत नाही. पुढच्या वळणावर म्हणाला, "भूक लागली का?" बस. असं किती काय काय त्या स्पीकरमधून माझ्या कानात आलंय.

पुन्हा उठले होते. दाराची बेल वाजल्यासारखी वाटली. कुणी नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात जोगेश्वरीच्या पेट्रोल पंपावर काय झालं ते तुला सांगितलं नाही. काहीच झालं नाही खरं तर. पेट्रोल भरून झालं, मी नेहमीप्रमाणे उतरून बाजूला उभी होते. तो गाडी वळवत होता, चालवतही नव्हता, पायांनी ढकलत होता. खाली वाळू सांडलेली. पाय सरकला आणि गाडी कलली. सव्वादोनशे किलो वजन, एकदा कललं की थांबत नाही. तरी त्याने ती धरली, मानेच्या शिरा फुगल्या, आणि मग त्याने ती सोडली नाही, निजवली. झोपलेलं मूल ठेवतात तशी. स्वतःला खरचटलंसुद्धा नाही. मग उचलायला गेला. उचलली जाईना. पुन्हा वाकला. डिलिव्हरीवाली दोन मुलं धावत आली, एका झटक्यात गाडी उभी केली. त्यातला एक खूप चांगला होता गं, त्याने रामनाथच्या पँटवरची वाळूही झटकली, आणि म्हणाला, "काका, आता स्कूटी घ्या ना. मस्त आरामात." वाईट मनाने नाही म्हणाला. रामनाथने त्याचे आभार मानले. घरापर्यंत माझ्या कानात नुसता त्याचा श्वास. दुसऱ्या दिवशी वाकलेला क्लचचा दांडा त्याने बदलला, हात पुसले, आणि जेवताना म्हणाला, गाडी विकून टाकू.

डॉक्टरांनी त्याला तपासलंय, मीच नेलं. खांदा ठीक, नजर ठीक, तोल ठीक. तोल गेला तो वाळूमुळे. पण त्याला ते पटत नाही. प्रियंका फोनवर म्हणाली, "बाबा, शाब्बास, योग्य निर्णय." सगळे तेच म्हणतात. पूर्वी मीही तेच म्हणत होते, विक, विक, विक. आता तो विकतोय तर मीच अडवायला बघतेय.

जाहिरात त्याने स्वतः टाकली. फोटो काढायच्या आधी गाडी धुतली, आणि पेटीवरच्या ओरखड्याचा वेगळा फोटो काढला, जवळून. कोण असं करतं? एक मुलगा आला, त्याने गाडीवर बसून व्हिडिओ काढून घेतला आणि गेला. एकजण आला, किलोमीटर बघून तोंड वाकडं केलं, "एवढी फिरवलीत, अंकल?" मोठ्या गाड्या लोक घेतात आणि झाकून ठेवतात, म्हणून न फिरलेलीला भाव जास्त. मी चहा घेऊन उभी होते. मनात म्हटलं, बाळा, त्या आकड्यात गोकर्ण आहे, आंबोली आहे, तेवढं सोडून बाकीच्याचे पैसे वजा कर. रामनाथ मात्र समजुतीने मान हलवत होता. आपल्याच गाडीचे दोष दुसऱ्याच्या गाडीचे असावेत तसे सांगत होता, आणि कुणी विचारायच्या आधी, ती पडली होती, हे सांगत होता.

आता तो रोज बाल्कनीत बसतो. रविवारी सकाळी खाली जाऊन इंजिन चालू करतो, कान देऊन ऐकतो, बंद करून वर येतो. वाईट वागत नाही. दूध आलं का विचारतो. मी दर शनिवारी दोन्ही हेल्मेटचे स्पीकर चार्जिंगला लावते, तो बघतो. चेतू, पंपापासून आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही. दिवसभर बोलतो आणि बोललेला नाही. तुला कळतंय ना?

तर आता सांगते. परवा त्याने तुझ्या सिद्धेशला फोन केला. साकीनाक्याला त्याचं जुन्या मोठ्या गाड्यांचं दुकान, हजारो गाड्या बघितलेला मुलगा. रविवारी अकराला तो येणार आहे. रामनाथ मला म्हणाला, "सिद्धेश सांगेल ती किंमत. मी घासाघीस करणार नाही." आणि तुला फोन करता येत नाही, कारण आमच्या घरात फोन स्पीकरवरच असतो, आणि मेसेज त्याच्या टॅबवरही उमटतात. आत्ता तो बाहेर आहे खरा, पण हे सगळं मला फोनवर तोंडाने बोलता आलं नसतं. म्हणून हा कागद. तुझ्या मुलाला सांग, गाडीला नावं ठेव म्हणावं. किंमत कमी सांगून भागणार नाही, कमी किमतीला तो मान डोलावेल. सांगायचं, की गाडी नीट ठेवलेली नाही. चेन बघून नाक मुरडायचं. म्हणायचं, काका, सर्व्हिसिंग रस्त्यावरच्या मेकॅनिककडून केलंत का? माझ्या सासूबाई, शांताबाई, बाजारात बसायच्या तेव्हा कुणी कमी पैसे सांगितले तर हसून द्यायच्या, पण कुणी मासा दाबून शिळा आहे म्हटलं की संपलं. "जा बाय, घरा जाऊन भाजी खा!" म्हणत सगळी पापलेटं टोपलीत परत, आणि मग दुप्पट पैसे दिले तरी नाही. रामनाथ त्यांचा मुलगा आहे. त्याचं रक्त तापू दे. तापलं की तो गाडी बाहेर काढेल, सिद्धेशला दाखवायला तरी काढेल, आणि हेल्मेट घेऊन मी तयारच असेन. सिस्टरांनी शिकवलेलं सगळं मोडून मी एका भल्या मुलाला खोटं बोलायला सांगतेय, मला माहीत आहे. आणि एवढं ऐकूनही रामनाथ शांतपणे बरं म्हणाला, तर सिद्धेशने वाद घालू नये. गाडी घेऊन जावी, रास्त पैसे नंतर द्यावेत. मग मला समजेल, त्याला खरंच नकोय ती, आणि मी परत हा विषय काढणार नाही. फक्त त्याला एक सांगायला विसरू नकोस. तपासताना गाडीच्या टाकीवरून हात फिरवू नको म्हणावं. गाडी आवडली की या मुलांचा हात आपोआप तिथे जातो, आणि रामनाथला खोटं ओळखायला तेवढं पुरतं.

तुझीच, अजून पाय हलवणारी,
कमळ