मोरान, नोलारी आणि बासष्ट नोंदी

२ जून, सकाळी ६:१०
आजपासून रोज लिहायचं. प्रकल्पाच्या फॉर्ममध्ये सिंह मावतात, माझे विचार मावत नाहीत.
प्रकल्पप्रमुख अचिएंग मॅडमना नैरोबीच्या बैठकीसाठी रिपोर्ट हवाय. टेकडीच्या कळपात सहा सिंहिणी. त्यातली कोणती कोणत्या नराबरोबर जाते, आणि कळपावर सत्ता कोणाची. सत्ता कोणाची हा काय प्रश्न झाला? मोरानची. नाव मीच ठेवलंय, आमच्यात तरुण योद्ध्याला मोरान म्हणतात. तरुणपणी भाला घेऊन निघालो की मी हुबेहूब असाच दिसायचो.
रिपोर्ट जमला की मुख्य निरीक्षक मीच. अकरा वर्षं सिंहांमागे घातलीत. दुसरं आहे कोण? नाइसिमोई? ती परवा परवा कॉलेजातून आलेली पोर.

५ जून
मोरान दिसला नाही. विश्रांती घेत असणार.

९ जून
अजून विश्रांतीच.
नाइसिमोई म्हणाली, "काका, दोन परके नर नदी ओलांडून आलेत."
म्हटलं, असतील पाहुणे.
"सिंहांत पाहुणे नसतात, काका."
शिकलेल्या पोरींना प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. रेंजही खराब. दिवस फुकट.

११ जून, सकाळी ६:४०
सापडला! खडकाच्या पायथ्याशी, बरोबर सहांपैकी नोलारी सिंहीण. जोडी जमली. आता दर वीस मिनिटांनी कार्यक्रम, चार दिवस. निश्चय: चार दिवस गाडीतून हलायचं नाही.

११ जून, सकाळी १०:१५
चहाला हललो.

१२ जून
नोलारी झाडाखालून उठते, त्याच्या तोंडावर शेपटी फिरवते, तो मुकाट मागे जातो. फॉर्ममध्ये 'नराने मादीची निवड केली' असं लिहिलं.
दुपारी नाइसिमोईचा फोन. ठिपके मोजले का? मिशांच्या मुळाशी ठिपके असतात. त्यांची रांग प्रत्येक सिंहाची वेगळी, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. मी म्हटलं, मला ठसे लागत नाहीत, मी चालीवरून ओळखतो.
"पण काका, तो आत्ता झोपलाय म्हणालात ना?"
फोन कट झाला. म्हणजे मी केला.
दुर्बीण हल्ली धुरकट दिसते. प्रकल्पवाले स्वस्तातला माल घेतात. बायको म्हणते डोळे दाखवून या. रेसियातोला दुर्बिणीतलं काय कळतं?

१३ जून
मोरान दोन-तीन वर्षांनी लहान दिसतोय. प्रेमाचा परिणाम. हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

१४ जून
जोडी मोडली. एकूण नोंदी बासष्ट. जेवणाच्या आणि डुलकीच्या वेळच्या अंदाजाने भरल्या. शास्त्रात त्याला सरासरी म्हणतात.

१६ जून
बाभळीखाली गावाची सभा. सासरे किसेमेई काठी टेकत उठले. "जावई, ओढ्याकाठी नराचे पंजे उमटतायत. कुंपणं नव्या काट्यांनी भरायची का?"
सगळ्यांसमोर विचारायची काय गरज होती? शांतपणे समजावून सांगितलं: मोरान संसाराला लागलाय. कळप हातात असलेला नर टेकडी सोडून तुमच्या गाईंमागे का येईल? दोन वर्षं निर्धास्त झोपा, माझी हमी.
लोक खूश. काटे तोडायला कोणाला आवडतं?
घरी रेसियातो म्हणाली, "लेमायानचे बाबा, गावाचं राहू द्या, आपलं कुंपण तरी भरा. मागच्या बाजूला माणूस आत येईल एवढं भोक आहे."
सांगितलं, आजच हमी दिली आणि उद्या माझ्याच घराला नवं कुंपण? कसं दिसेल ते?
"भोक दिसतंय त्याहून बरं दिसेल."

२१ जून
रिपोर्ट पाठवला. चौदा पानं. मुख्य निरीक्षकाला वेगळी गाडी मिळते का, ते विचारायचं राहिलं.

२४ जून
मॅडमचा फोन. त्यांनी माझेच फोटो मोठे करून पाहिले. मोरानच्या डाव्या गालावर वरच्या रांगेत पाच ठिपके. फोटोतल्याला तीन.
बासष्टच्या बासष्ट नोंदी परक्या नराच्या.
मी विचारलं, मग मोरान कुठाय?
"ते तुम्ही मला सांगायचं, पारमुआत."
नाइसिमोई शेजारीच उभी होती. हसली नाही. हसली असती तर रागावता तरी आलं असतं. म्हणाली, "त्याला हाकलून लावलंय, काका. एकटा नर उपाशी असला की गुरांकडेच येतो. गावाला आजच सांगायला हवं. मी सांगू?"
मी म्हटलं, हमी माझी, मीच सांगेन. पण आज उशीर झालाय.

२५ जून
उद्या नक्की. असं काही सांगायला नेमके शब्द लागतात.

२६ जून
शब्द जवळपास जुळलेत.

२७ जून, सकाळी ६:२०
मागच्या भोकातून मोरान आत आला. तांबडी गाय मारली, वासरू तोंडात धरून निघाला. रेसियातो पातेलं बडवत, शिव्या देत त्याच्या मागे. मीही होतो. पातेल्याचं झाकण माझ्याकडे होतं.
बरगड्या मोजता येत होत्या. खांदा फाटलेला, अर्धी आयाळ उपटलेली. दहा पावलांवरून ठिपकेही मोजता आले. पाच.
रेसियातो गाईच्या मानेवर हात ठेवून बसली. या एका गाईवर तिने चार पोरं वाढवली. म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."
तीन दिवस. हो.

२८ जून
पहाटेपासून बाभळीखाली तीसेक माणसं भाले घेऊन जमली. मोरान ओढ्याच्या झुडपात उरलेलं वासरू खात बसलेला. त्याच्यावर नजर ठेवायला नाइसिमोई टेकाडावर.
मी त्यांची वाट अडवून उभा राहिलो. बोलायचं वेगळंच ठरवलं होतं, सरासरी वगैरे. तोंडातून भलतंच आलं. म्हटलं, टेकडीवरचा तो मोरान नव्हताच. मला नीट दिसत नाही. कळल्यावरही तीन दिवस मी गप्प बसलो. त्याचं घर गेलंय, तो उपाशी होता. चूक माझी आहे.
सासरे म्हणाले, "मग भाला मारायचा कोणाला, त्याला की तुला?"
सगळे हसले. रेसियातो नाही हसली.
पण सुरुवात झाल्यावर थांबता येईना. अकरा वर्षांचं सगळं काढलं. कोणती सिंहीण कोणाची मुलगी, मोरानचा बाप कोण, तो कसा आला, कसा गेला. बोलून संपलं तेव्हा भाले झाडाला टेकलेले, माणसं खाली बसलेली. एकही गेला नाही! माझ्या शब्दांत एवढी ताकद असेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. शाळाशाळांतून भाषणं द्यावीत असा विचार आहे.

२९ जून
काटे तोडतोय. रेसियातो फक्त बोटाने दाखवते, कुठे टाकायचे ते.

३० जून
मुख्य निरीक्षक म्हणून नाइसिमोईची नेमणूक झाली. मॅडमनी फोनवर माझ्या अनुभवाबद्दल फार चांगले शब्द वापरले. चष्म्याच्या दुकानाचा पत्ताही दिला.
संध्याकाळी नाइसिमोई परवाचा फॉर्म घेऊन आली. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. अक्षर तिचं मोठं असतं, मला वाचता आलं.
'एकटा नर, वस्तीजवळ. सकाळी ७:१० ते ९:२५ एकाच जागी. पोट भरल्यावर स्वतःहून उठून नदीपार गेला. गावकरी बाभळीखालीच, निम्मे झोपलेले. गावकऱ्यांना रोखण्याचा उपाय: काका बोलत होते.'
सही केली.