शनिवारची अर्धी दुरुस्ती

प्रिय रुलीन,

गुरुवारी दहा वाजता चौकशी समितीपुढे तू जो कागद ठेवणार आहेस, त्यावर सही करण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर सांगून बघितलं, पण तू बोलूच देत नाहीस. "मावशी, झालं ते झालं. माझं वय आहे, मला दुसरं काम मिळेल. काकांच्या निवृत्तीला सातच महिने राहिलेत," एवढं म्हणतेस आणि फोन ठेवतेस. हट्टी आहेस, थेट तुझ्या आईवर गेलीस. पत्र मात्र मधेच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी बरी बातमी. इंजेक्शन बाधलेल्या त्या हारमीनाबाईंना परवा अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं. मी भेटून आले. सूप नेलं होतं, ते त्यांनी अर्धी वाटी घेतलं. चेहऱ्याची सूज उतरली आहे, आवाज मात्र अजून घोगरा आहे. "तुम्ही कोण?" असं त्यांनी विचारलं. "चर्चमधून आले," असं मी म्हणाले. ते खरंच होतं, आपल्या मंडळींनी त्यांच्यासाठी प्रार्थना केलीच होती. पण त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ती पोरगी घरी बसवली म्हणे. तिला सांगा, मी काही मनात ठेवलेलं नाही." मी मान हलवली, डबा धुतला आणि निघाले.

गावात काय चाललंय ते तुला ठाऊक आहेच. चर्चच्या दारात बायका माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू आमच्या घरात कुणी आजारी आहे. बेकरीवाली तर तोंडावर म्हणाली, "आजकालच्या मुलींना सही म्हणजे मोबाइलवर बोट फिरवणं!" मी पाव घेतला आणि "हो ना" म्हणाले. ऐक रुलीन, मी "हो ना" म्हणाले.

तुझे काका दिवसभर खिडकीशी बसतात. तू त्यांना गप्प बसायला सांगितलंस म्हणून गप्प बसलेत, पण जेवत नाहीत. तुझी समजूत अशी आहे की त्यांचे डोळे गेलेत, स्क्रीनवर काय लिहिलंय ते त्यांना दिसलं नाही, आणि म्हणून हे घडलं. ते डोळ्यांचं तू कधी ओळखलंस ते मी तुला विचारलं नाही. बहुतेक नाताळात ओळखलं असशील, तू पुढे केलेली मोहरीच्या सॉसची बाटली घ्यायला त्यांनी हात भलतीकडेच नेला तेव्हा. डोळे बिघडायला लागून दोन वर्षं झाली. मधलं सगळं करडं झालंय, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले वाढतच जाणार. संगणक केंद्रात सांगितलं असतं तर तिथल्या मुख्य व्हान ओमेरन साहेबांनी त्यांना चौतीस वर्षांच्या कामाबद्दल फुलं देऊन त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. "मला माझ्या ठरल्या दिवशी जाऊ दे, हिलेट्ये," असं ते म्हणाले. एवढं एकच त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलं.

मग त्यांनी घरून करण्याची कामं मागून घेतली, आणि मी शेजारी खुर्ची घेऊन बसू लागले. पहिल्यांदा मी नुसतं वाचून दाखवायची. घरचा हिशेब ठेवणारी बाई, शाळेपुरतं शिकलेली असली तरी ओळ चुकत नाही, असं ते कौतुकाने म्हणायचे. डावीकडे फाइलींच्या नावांची यादी. एक नाव उघडलं की उजवीकडे त्याचे गुणधर्म, एकाखाली एक: वाचता येतं का, लिहिता येतं का, उघडं आहे का, बंद आहे का. मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, "बाराव्या ओळीवर काय आहे? 'नाही'? तिथे 'हो' कर म्हणावं." कुणाला म्हणावं? माझ्याशिवाय तिथे होतंच कोण! वर्षभरात कळफलक माझ्याकडे सरकला. रुलीन, गेलं वर्षभर चार रुग्णालयांच्या त्या मेनफ्रेमवर, त्या मोठ्या संगणकावर, तुझ्या काकांच्या नावाने जे जे काही बदललं गेलं, ते या हातांनी. बटाटे सोलणाऱ्या हातांनी. आता तुला कळलं असेल मी कुठे चालले आहे, पण अजून थांब.

तू म्हणशील, मावशीला यातलं काय कळतंय, तिने सांगितलं ते दाबलं असेल. नाही. मला कळत होतं. तुझ्या काकांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की प्रत्येक नावाच्या दोन खिडक्या असतात. एक चालू यंत्रातली आणि दुसरी साठवलेल्या व्याख्येची. दिसायला जुळ्या बहिणी. चालूतलं बदललं की त्या क्षणी लागू होतं, पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की ते विसरतं आणि साठवलेल्यात जे असेल ते उचलतं. "एकीत बदल करून उठलीस तर काम झालेलंच नाही असं समज," हे त्यांनी दहा वेळा सांगितलं. कारण दर रविवारी पहाटे यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतातच.

त्या शनिवारचा कामाचा कागद तू पाहिलास. आठवडाभर ॲलर्जीच्या नोंदींची फाइल नव्या जागी हलवत होते, म्हणून तिच्यात लिहिणं बंद ठेवलं होतं, दोन्हीकडे. ते परत सुरू करायचं होतं, दोन्हीकडे. कागदावर दोन ओळी होत्या. आधीची कामं लांबली, तोवर सहाला पाच मिनिटं कमी झाली. शेगडी बंद करून, रविवारचे बटाटे पाण्यात ठेवून मी बसले होते. पहिली ओळ केली. चालू खिडकी उघडली, 'नाही'चं 'हो' केलं, जतन केलं, वर हिरवी खूण आली. आणि चर्चची रविवारची घंटा, शनिवारी सहालाच कामं थांबवायला लावणारी, सुरू झाली.

तुला माहीत आहे, माझ्या आईच्या घरात त्या घंटेनंतर सुईसुद्धा हातात घेत नसत. मीही घेतलेली नाही, कधीच नाही. शनिवारची कामं मी नेहमी पाचलाच उरकून घ्यायची, तुझे काका हसायचे त्यावर. तेव्हा मी कळफलकावरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. घंटा वाजत होती. तुझ्या काकांनी विचारलं, "झालं का गं दोन्ही?" दुसरी खिडकी उघडायची, एक शब्द बदलायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. मी म्हणाले, "झालं."

मनात म्हटलं, सोमवारी सकाळी उठल्या उठल्या करेन. एक रविवार काय होतंय! हे विसरून नाही म्हटलं. पहाटेचं मला आठवत होतं. आठवत असूनही म्हटलं.

त्यांनी तुला निरोप पाठवला आणि साडेसहाला तू मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकसमोर बसून, त्यांचं काम तपासणारी म्हणून, मोबाइलवर सही केलीस. न बघता केलीस, काकांनी केलंय म्हणजे झालंय म्हणून. ती तुझी चूक आहे, ती मी माझ्या अंगावर घेणार नाही आणि तू ती नाकारूही नकोस. पण तेवढीच तुझी. रविवारी दुपारी हारमीनाबाई कापलेला हात घेऊन आल्या, पेनिसिलिन चालत नाही म्हणाल्या, नर्सने नोंद करायला घेतली आणि यंत्राने नाही म्हटलं. तिने चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठी कुठे गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही. सोमवारी मी सकाळी उठून दुसरी खिडकी उघडायला बसले, तोवर त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झालं होतं. तुझ्या काकांना वाटतंय की तेच दुसरी ओळ सांगायला विसरले. आठ दिवस मी त्यांना तसं वाटू दिलं.

आणि गेल्या मंगळवारी तू आलीस. "मावशी, तुझी भाषा चांगली, जरा नीट मांडून दे," म्हणालीस. "साठवलेल्या व्याख्येतील बदल माझ्याकडे सोपवला होता व तो माझ्याकडून राहिला." हे वाक्य तुझं नाही, माझं आहे. मी ते स्वच्छ अक्षरात लिहून दिलं, तुला कॉफी दिली आणि बिस्किटांचा डबा चक्क दुसऱ्यांदा पुढे केला. तेव्हा तू हसून म्हणालीस, "मावशी, आज उदार झालीस!"

परवा चर्चमध्ये दर रविवारसारख्या दहा आज्ञा वाचल्या. देवाचा दिवस पाळ, तिथवर मी ताठ बसले होते. पुढे, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस. पास्टरबुवा वाचून पुढे गेलेसुद्धा. मी घंटेला घाबरून हात उचलले, पण जिभेला मात्र सुट्टी दिली नाही. आपल्या देवाला मी इतकी वर्षं काय समजत होते कुणास ठाऊक. अर्ध्या मिनिटाच्या कामासाठी त्याने मला हाकलून दिलं असतं, असंच ना?

आता हे का लिहितेय ते सांगते. क्षमेसाठी नाही, ती तुला घाईने द्यावीशी वाटली तरी देऊ नकोस. आज सकाळी मी व्हान ओमेरन साहेबांना फोन करून सांगितलं की गुरुवारी मी येणार आहे आणि काय सांगणार आहे. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला कळतंय का, यात तुमच्या यजमानांचं काय होईल?" मी म्हणाले, कळतंय. तुझ्या काकांना अजून सांगितलेलं नाही. हे पाकीट तुझ्या दारातून आत टाकून घरी गेले की सांगणार. त्यांनी मागितलेला तो एक दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतेय, तोही न विचारता. कारण विचारलं तर ते नाही म्हणतील आणि मी पुन्हा ऐकेन. तू मी लिहून दिलेला कागद फाडून टाक. गुरुवारी येशील तेव्हा मी आधीच बसलेली असेन. माझ्या शेजारी येऊन बसू नकोस, माझा हातही धरू नकोस. समोर, विचारणाऱ्यांच्या बाजूला बस. म्हातारी बाई म्हणून ते विचारायला संकोचले, तर तू विचार.

तुझीच,
हिलेट्ये मावशी