जोडावरची काडी

सुदुंबरे

स्नेहल बाळ,

नव्या घरी रुळली असशील. आमच्या अमृतने तुमच्या लग्नानंतर तुझ्यासाठी दारात लावलेला पिवळा गुलाब यंदा पार छपराला टेकला, पण फूल एकही नाही. तुझ्या सासूबाई (हो, मी अजून तसंच म्हणतो) खूश. "लेकाचं झाड लय माजलंय!" मी माती उकरून पाहिली. सगळी फूट कलमाच्या जोडाखालची, ज्यावर पिवळा गुलाब बांधला होता त्या रानटी खुंटाची होती. अमृत गेल्यापासून तिकडे कुणी नीट बघितलंच नव्हतं.

नुसती कात्री चालवली तर रानफूट परत येते. म्हणून प्रत्येक धुमारा जिथून निघाला तिथूनच ओरबाडून काढला. सासूबाई कडाडल्या, "त्याच्या हातचं तेवढंच राहिलंय, तेबी मारताय व्हय?"

जोडावर करंगळीएवढी एक काडी जिवंत होती. आता तिला कळी धरली आहे.

तुझं दुसरं लग्न आम्हीच लावून दिलं, तरी इकडे यायला तू संकोचतेस. पिवळं फूल उमललं की पत्र टाकीन, बघायला ये म्हणेन. खात्री नसताना बोलावणं मला पटत नाही.

सासूबाई आत्ताच मागून म्हणाल्या, "पिवळं न्हाई निघालं तरी बोलवा की तिला."

तुझे,
आबा