कर्जाच्या रकान्यात ‘नाही’

दादा,

गोपनीय नकाशांच्या कामाला लागणारा माझा सुरक्षा परवाना नाकारला. येत्या एक तारखेपासून नकाशा विभाग सोडावा लागेल.

तुझ्या ऑपरेशनसाठी मी काढलेलं कर्ज तू गेल्यावर थकलं. “आईला कळता कामा नये,” असं तू बजावलं होतंस. परवान्याची चौकशी घरापर्यंत येते, म्हणून अर्जात कर्जाच्या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं.

अधिकारी म्हणाले, “कर्ज थकलं तर मार्ग निघतो, बाई. पण लपवलेल्या गोष्टीवरून कुणीही तुम्हाला धमकावेल. लपवलंत कुणापासून?”

नकाराचं पत्र उचलून मी निघाले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला ठाऊक होतं गं. जायच्या आदल्या दिवशी त्यानेच सांगितलं. धाकटीला बोलू नकोस म्हणाला.”

तू गेल्यापासून तीन वर्षं आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो, दादा.

तुझी,
धाकटी